आद्य साधन

मराठीतला ‘साधन’ हा शब्द दोन घरांत नांदतो. एक घर कारागिराचे. तेथे साधन म्हणजे अवजार, उपकरण, काम करण्यासाठी हाती धरायची वस्तू. दुसरे घर साधकाचे. तेथे साधन म्हणजे नेम, जप, अभ्यास. माणसाने स्वतःवरच करायचे काम. संतसाहित्य शिकवताना हा शब्द आला की मला वर्गात क्षणभर थांबावे लागते, कारण समोरच्या विद्यार्थ्यांना पहिले घर तेवढे ठाऊक असते. गेली काही वर्षे मात्र हा शब्द मला वर्गाबाहेर, अगदी वेगळ्या संदर्भात वारंवार भेटतो आहे. ‘साधनांशिवाय व्यायाम’, ‘घरच्या घरी, कोणत्याही साधनाविना तंदुरुस्ती’, ‘प्रवासात व्यायाम कसा कराल?’ अशा मथळ्यांची आता वाण नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलुपे लागली, तेव्हा तर त्यांना ऊत आला होता.

या मथळ्यांचा एक ठरलेला स्वर असतो. तो अडचणीच्या वेळच्या सोयीचा स्वर आहे. खरा व्यायाम यंत्रांवर, वजनांवर, आरशांनी मढवलेल्या दालनात होतो. ते जमत नसेल तर निदान एवढे तरी करा, असे ते मथळे सुचवत असतात. ‘शिवाय’, ‘विना’, ‘वाचून’ ही शब्दयोगी अव्यये उणीव दाखवतात, हे व्याकरणही त्यामागे आहेच. या स्वराविषयी मला काही म्हणायचे आहे. ते म्हणण्याचा अधिकार मला वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. मी मावळातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि तळेगावात राहते. माझ्या घरात शहात्तर वर्षांची आई आहे, आणि तिला जमिनीवरून आपले आपण उठता येईल की नाही, हा गेली दोन वर्षे आमच्या घरातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. या लेखनाचे निमित्त तो प्रश्न आहे. पण तेथे पोहोचण्यासाठी आधी कालिदासाकडे आणि मग लोणावळ्याला जावे लागेल.

आपल्याकडच्या आखाड्यांच्या आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर मारुतीच्या चित्राशेजारी एक संस्कृत वचन पुष्कळदा रंगवलेले आढळते. शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, असा त्याचा आशय. ते ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गातले आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, परंतु ते कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो, याची आठवण सहसा ठेवली जात नाही. पार्वती शिवासाठी घोर तप करते आहे. एक ब्रह्मचारी तिच्या आश्रमात येतो आणि विचारपूस करतो. समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना, पाणी स्नानाजोगे आहे ना, आणि तू आपल्या शक्तीच्या मानाने तप करतेस ना? या शेवटच्या प्रश्नाचे कारण म्हणून ते वचन येते. म्हणजे ज्या वाक्याला आपण ललकारी केले, ते मुळात वेसण आहे. भिंतीवरून ते ‘आणखी कर’ असे सांगते; काव्यात ते ‘झेपते ना?’ असे विचारते.

यावर कोणी म्हणेल, की विचारणारा ब्रह्मचारी हा वेषांतर केलेला शिवच आहे, तो तिची परीक्षा पाहतो आहे, आणि पार्वती तर त्याच्या सल्ल्याला मुळीच जुमानत नाही. तेव्हा हे वाक्य कालिदासाचा उपदेश म्हणून घेता येणार नाही. आक्षेप रास्त आहे. मलाही ते उपदेश म्हणून नकोच आहे. मला त्यातला प्रश्न हवा आहे. शरीराला साधन म्हटले की लगेच ‘किती?’ हा प्रश्न उभा राहतो, एवढे कालिदासाने पाहिले होते. हत्याराला धार किती द्यायची याचे ज्ञान नसेल, तर धार लावता लावता पातेच संपते.

‘किती?’ हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी एका माणसाने लोणावळ्यात प्रयोगशाळा उभारून विचारला, आणि तो मावळाच्या सांस्कृतिक इतिहासातला एक महत्त्वाचा प्रसंग आहे असे मला वाटते. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे खानदेशात अमळनेरला ते शिक्षक झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. हेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. २०२४ मध्ये या संस्थेला शंभर वर्षे झाली.

कुवलयानंदांच्या कामातली मौज अशी, की ज्या व्यायामाला कोणतेही साधन लागत नाही त्याची परीक्षा त्यांनी त्या काळी मिळू शकणाऱ्या उत्तमोत्तम साधनांनी केली. क्ष-किरण यंत्र, रक्तदाब मोजण्याचे उपकरण, दाबमापक नळ्या. लोणावळ्याला येण्यापूर्वीच, बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरण निरीक्षण केले होते. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले आणि त्या अंशतः पोकळीला आपल्या गुरूंचे नाव दिले. विज्ञानाच्या परिभाषेत गुरूचे नाव गोवण्याची ही रीत त्या पिढीच्या स्वभावाला साजेशीच होती. ‘योगमीमांसे’त वैज्ञानिक, निमवैज्ञानिक आणि लोकप्रिय असे विभाग असत. एकाच अंकात एकीकडे मोजमापांची कोष्टके आणि दुसरीकडे सामान्य गृहस्थाने घरी काय करावे याची सूचना. येल विद्यापीठातले कोवूर बेहनान यांनी लोणावळ्यात राहून अभ्यास केला आणि १९३७ साली योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावर पुस्तक लिहिले, यावरून या छोट्या गावातल्या प्रयोगशाळेचा लौकिक कुठवर गेला होता याची कल्पना येते.

त्या काळातली सगळी विधाने आज तशीच्या तशी स्वीकारता येणार नाहीत. अमुक आसनाने तमुक ग्रंथी सुधारते, अशा प्रकारच्या निष्कर्षांना आजचे संशोधन अधिक कसून पुरावे मागते, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या कामातली जी गोष्ट टिकाऊ वाटते ती वेगळी आहे. कुवलयानंदांनी सामान्य माणसासाठी आसनांचे अभ्यासक्रम बांधले, त्यात पूर्ण अभ्यासक्रम होता आणि ज्यांना वेळ वा शक्ती कमी आहे त्यांच्यासाठी संक्षिप्त अभ्यासक्रमही होता. किती वेळा, किती सेकंद, किती आठवड्यांनी किती वाढवायचे, कोठे थांबायचे, हे त्यांनी लिहून ठेवले. व्यायाम झाल्यावर माणूस दमलेला नव्हे, तर ताजातवाना वाटला पाहिजे, ही त्यामागची धारणा. व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या वचनात जे हरवले होते ते त्यांच्या कोष्टकांत परत आले. मात्रा परत आली.

त्याच सुमारास महाराष्ट्रात साधनाविना व्यायामाचा दुसराही एक मोठा प्रवाह होता, आणि त्याचे केंद्र औंध संस्थान होते. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार आले, पुस्तके निघाली, आणि १९३८ साली लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक विलायतेतही पोहोचले. नमस्काराला काय लागते? माणूस पालथा पडू शकेल एवढी जमीन. आसनालाही तेवढेच लागते. पण दोहोंची प्रकृती निराळी आहे. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर नमस्कार हे वृत्त आहे. त्यात आवर्तन आहे, गणती आहे, लय चढत जाते. आसन ही यती आहे. तेथे थांबण्यालाच अर्थ आहे. वृत्त आणि यती ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नसतात, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच. शरीरालाही दोन्ही लागतात. हृदयाची गती वाढवणारी हालचाल हवी आणि स्नायूंना ताण देऊन स्थिर राहणेही हवे.

परीक्षेच्या कामासाठी, चर्चासत्रांसाठी वर्षातून दहाबारा वेळा मला परगावी राहावे लागते. विद्यापीठांची अतिथिगृहे सर्वत्र सारखीच असतात. एक खाट, एक टेबल, न उघडणारी खिडकी, आणि खाट व भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होईल एवढी पट्टी. ती पट्टी पुरते. भिंतीला हात टेकून काढलेले जोर, खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर सरळ तोलून धरणे, आणि जिना असेल तर जिना. वीस मिनिटांत हे सगळे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. त्यासाठी यंत्र हवे, असे त्यांत कोठेही नाही. स्नायूला लोखंड आणि स्वतःच्या देहाचे वजन यांतला भेद कळत नाही. त्याला कळतो तो भार, आणि तो भार हळूहळू वाढतो आहे की नाही एवढेच. भिंतीवरचे जोर सोपे झाले की टेबलावर, टेबलावरचे सोपे झाले की जमिनीवर. कोन बदलला की भार बदलतो. हे जुन्या आखाड्यातल्या वस्तादांनाही पुरते ठाऊक होते.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख त्या मथळ्यांच्याच जातीचा झाला असता. पण मावळात राहून शरीराविषयी लिहायचे आणि मावळच्या शरीरांविषयी बोलायचे नाही, हे मला जमणार नाही.

मावळच्या माणसाचे शरीर मराठी साहित्यात आणले ते गो. नी. दांडेकरांनी (१९१६–१९९८). ते आमच्याच तळेगावात राहिले आणि त्यांनी आयुष्यभर गड पायांखाली घातले. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्या त्या पायपिटीतून आल्या. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतणारा बुधा आपल्या वाचकांना आठवत असेल. त्याच्या जगात ‘व्यायाम’ हा शब्द नाही. चढणे, उतरणे, पाणी आणणे, माती उकरणे हे सगळे जगण्याचेच अंग आहे. शरीर आणि डोंगर यांच्यात यंत्र तर सोडाच, हेतूही उभा नाही. दांडेकरांच्या गद्याचे सामर्थ्य असे, की ते वाचताना आपल्या शहरी देहाला एक प्रकारची असूया वाटू लागते. सुट्टीच्या दिवशी मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांवरून लोहगडाकडे जाणाऱ्या तरुण मुलांच्या झुंडी पाहिल्या, की ती असूया अजून जिवंत आहे हे कळते. २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यामुळे ती गर्दी कमी होण्याचे कारण नाही.

परंतु त्याच पायऱ्यांवर दुसरीही माणसे असतात. पायथ्याच्या वाडीतल्या बायका ताकाचे हंडे, सरबताचे सामान, पाण्याच्या बाटल्यांची ओझी घेऊन वर जातात. मनगटावरच्या घड्याळात पावले मोजणारा मुलगा आणि डोक्यावर हंडा घेतलेली बाई एकाच पायरीवर एकाच वेळी असतात. दोघांच्या मांड्यांत तोच स्नायू आकुंचन पावतो आहे. एकाला आपण व्यायाम म्हणतो आणि दुसऱ्याला काम. हा केवळ शब्दांचा फरक आहे का?

माझी आई नाणे मावळातली. तिचे माहेर शेतकऱ्याचे, भातखाचरांचे. सातव्या-आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत दर आषाढात ती लावणीला उभी राहिली आहे. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, अंगावर इरले, आणि कमरेत वाकलेले शरीर सकाळपासून दिवे लागेपर्यंत. लग्नानंतर विहिरीचे पाणी, सरपण, गोठा. मी पहिल्यांदा तिला ‘आई, तुला आता थोडा व्यायाम करायला हवा’ असे म्हटले, तेव्हा ती रागावली नाही, हसली. म्हणाली, ‘अगं, आम्ही कामं केली. व्यायाम तुम्ही करा.’ या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. त्यात अभिमान आहे, थकवा आहे, आणि ‘तुम्ही’ या सर्वनामात तिच्या-माझ्या मधले एक अख्खे वर्गांतर आहे.

पण तिच्या गुडघ्यांनी वेगळेच उत्तर दिले होते. बुध्याच्या वयाची पुष्कळ माणसे मी या भागात पाहिली आहेत. त्यांतली अनेक कमरेत वाकलेली आहेत, पायांत फेंगडी झालेली आहेत. आयुष्यभर श्रम केलेल्या शरीराने म्हातारपणी तंदुरुस्त असायला हवे होते. ते तसे का नसते? गेल्या काही वर्षांत डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याकडे लक्ष वेधले आहे. फावल्या वेळातल्या व्यायामाचे जे लाभ दिसतात ते पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीत तसेच दिसतील असे नाही. काही पाहण्यांत तर उलटेच दिसले. यावर संशोधकांचे एकमत नाही, गरिबी आणि आहार यांचा हिशेब त्यात कितपत सुटा करता येतो हा वादाचा मुद्दा आहे. तरीही त्यांनी दिलेली कारणे आईच्या आयुष्याशी ताडून पाहिली तर पटतात. कष्टाच्या कामात एकच हालचाल तासन्‌तास होते. शरीर एकाच कोनात अडकून राहते. भार आपण ठरवत नाही, वेळ आपण ठरवत नाही, आणि मुख्य म्हणजे विसावा आपण ठरवत नाही. ‘आपल्या शक्तीच्या मानाने करतेस ना?’ हा प्रश्न लावणीच्या खाचरात उभ्या असलेल्या मुलीला कोणत्याही ब्रह्मचाऱ्याने विचारलेला नसतो.

म्हणजे व्यायाम आणि काम यांतला फरक साधनांचा नाहीच. विळा, हंडा, जाते ही साधने आईपाशी होतीच. तिच्यापाशी मात्रा नव्हती. मात्रा ठरवण्याचा अधिकार नव्हता. ज्याला तो अधिकार आहे त्याचे श्रम व्यायाम होतात आणि ज्याला नाही त्याचा व्यायामही कष्ट होतो.

मात्रेचा अधिकार नव्हता, तरी मात्रेची जाण होती, हेही नोंदवले पाहिजे. त्याचा पुरावा साहित्याचाच आहे. मुळशी, मावळ आणि आसपासच्या तालुक्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभर वाढलेल्या त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. लोकसाहित्य म्हणून आपण त्यांचा अभ्यास करतो, त्यांतली दुःखे, माहेर, भाऊ, विठ्ठल यांवर प्रबंध लिहितो. पण ओवीचे आणखी एक अंग आहे. ती खुंट्यावर हात असताना म्हटलेली आहे. दगड फिरवण्याच्या लयीला श्वास जोडून घेण्याची, दोन बायकांचे बळ एका वेळी लावण्याची ती युक्ती आहे. श्रमाची लय आपल्या हाती नाही, तर निदान त्या लयीला शब्द आपले द्यावेत, एवढे स्वातंत्र्य त्या घेत होत्या. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाते गेले. ते गेले हे बरेच झाले. ज्यांनी ते ओढले आहे त्यांपैकी कोणीही ते परत मागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही, पण ती तेथे अर्धा तास बसून होती, कारण तिला उठता येत नव्हते आणि घरात कोणी नव्हते. त्यानंतर एका डॉक्टरांनी तिला सांगितले, की गुडघे झिजले आहेत, यापुढे खाली बसूच नका. वैद्यकीय दृष्ट्या त्या सल्ल्याला आधार असेल. पण जिचे सारे आयुष्य जमिनीच्या पातळीवर गेले, जेवण, निवडणे-टिपणे, देवपूजा, पाहुण्यांशी बोलणे, अशा बाईला जमीन वर्ज्य करणे म्हणजे तिच्या घरातून तिचे घर काढून घेण्यासारखे होते. ती खुर्चीवर पाहुणीसारखी बसू लागली. हळूहळू कमी बोलू लागली. आणि खुर्चीची सवय जितकी वाढली तितकी खुर्चीवरून उठण्याचीही शक्ती कमी होत गेली. वापरात नसलेल्या स्नायूचे असेच होते.

ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ ज़िल आराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार व्यक्तींची एक साधी चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. जमिनीवर बसा आणि उठा, शक्य तितका कमी आधार घेऊन. ज्यांना अधिक आधार लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात न उठता येणे हे मृत्यूचे कारण आहे, असा याचा अर्थ नव्हे. बळ, तोल आणि लवचिकता यांचा तो एकत्रित निर्देशांक आहे. आपण ज्याला ‘खाली बसणे’ म्हणून मागासलेपणाच्या खात्यात टाकून दिले, ते हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी एक परीक्षा ठरावे, याची मला मौज वाटली.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने घरी येऊन आईला तपासले आणि खुर्चीपासून सुरुवात करून दिली. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवायची, तिच्यावर एक उशी ठेवायची म्हणजे बैठक उंच होते आणि गुडघ्यावरचा भार कमी. पाय थोडे मागे, छाती पुढे, आणि हात न लावता उठायचे; बसताना मात्र धपकन न बसता सावकाश. आईने हे पाहिले आणि म्हणाली, ‘या तर शाळेतल्या उठाबशा. गुरुजी शिक्षा करायचे तशा.’ खरेच आहे. जी हालचाल माणसाला म्हातारपणी आपल्या पायांवर उभी ठेवते, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिक्षा म्हणून शिकवली.

पहिल्या दिवशी चार झाल्या. मी आकडे मोजत होते, ते तिला आवडेना. दुसऱ्या आठवड्यात तिने आकडे सोडले आणि ओवी घेतली. एका चरणाला उठायचे, दुसऱ्याला बसायचे. ओवीचा सूर लांबला की बसणे सावकाश होते, आणि सावकाश बसण्यातच त्या व्यायामाचे निम्मे बळ आहे, हे त्या मुलीने मला नंतर समजावले. जात्याबरोबर गेलेली ओवी आमच्या बैठकीच्या खोलीत अशी परत आली. फरक एवढाच, की आता लय दगडाची नव्हती, तिची स्वतःची होती. दम लागला की ती ओवी अर्ध्यावर सोडून देते आणि कोणाला काही सांगत नाही.

दोन महिन्यांनी उशी काढली. मग ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, भिंतीवरचे जोर. पासष्टीपुढच्या माणसांनी तोल आणि बळ यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, असे आरोग्य संघटनेच्या त्याच तत्त्वांत म्हटले आहे. आई एकादशी सोडून रोज करते. सर्वांत शेवटी जमीन. खाली बसल्यावर कुशीवर वळायचे, हात-गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल पुढे रोवायचे, समोरच्या चौरंगावर हात टेकून उठायचे. यात चमत्कार काही झालेला नाही. गुडघे झिजलेले ते झिजलेलेच आहेत, थंडीत दुखतातही. मांडी घालून ती दहा मिनिटांपेक्षा अधिक बसत नाही. पण ती खाली बसते, आणि उठते. गेल्या दिवाळीत करंज्या करायला ती जमिनीवर बसली, आणि घरातल्या बोलण्याचा केंद्रबिंदू पुन्हा दोन फूट खाली आला.

असो. कैवल्यधामच्या कोष्टकांत आणि आईच्या अर्ध्यावर सोडलेल्या ओवीत मला एकच गोष्ट दिसते. कुवलयानंदांनी मात्रा बाहेरून, यंत्रांनी मोजून लिहून दिली. आईने ती आतून, श्वासाने मोजली. दोन्ही प्रकारांत शरीर हे साधन आहे, पण वापरून टाकायचे नव्हे, जपून चालवायचे. ‘साधनांशिवाय व्यायाम’ या मथळ्यातली उणीव मग नाहीशी होते, कारण जे आद्य साधन आहे ते तर कोठेच गेलेले नसते. अतिथिगृहातल्या त्या पट्टीवर, आगगाडीच्या फलाटावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी ते आपल्याबरोबरच असते. लागतो तो थोडा वेळ, आणि थांबायचे कोठे हे स्वतः ठरवण्याची मुभा. पहिली गोष्ट तुम्हा-आम्हांपाशी असते. दुसरी सगळ्यांपाशी नसते. लोहगडाच्या पायऱ्यांवर हंडा घेऊन चढणाऱ्या बाईपाशी ती अजूनही नाही, आणि तंदुरुस्तीच्या कोणत्याही मथळ्यात तिच्यासाठी ओळ लिहिलेली मला आढळलेली नाही.